बादशहाचं सुतक

बाळापूरच्या किल्ल्याच्या दरवाज्यावर बाबा रोज सांजेला नगारा वाजवायचे, दिल्लीच्या बादशहाच्या नावानं. त्या कामापायी आमच्या पणज्याला काळी जमीन मिळाली होती. मुलुख निजामाकडे गेला, मग इंग्रजाकडे. आमच्या घरी मात्र बादशाही चालूच. आता हसू येतं. तेव्हा मला तो घुमणारा आवाज ऐकत अंगणात डुलायला फार आवडायचं.

कापसाला सोन्याचा भाव आला ते दिवस. गाड्यांमागून गाड्या जात, बाभळींना कापूस अडके आणि सारं गाव स्वप्नात पाहिल्यासारखं धूसर दिसे. अशात अमरावतीचा एक दलाल आमच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकला अन् सहज बोलून गेला, "बादशहा तर केव्हाच मेला, परमुलखात, इंग्रजाच्या कैदेत. तुमाले ठाऊक नाही?"

बाबा उठले आणि त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली. मुसलमान बादशहाचं सुतक, आमच्या घरात! राजा गेला की नगारा बंद, नवा गादीवर बसला की त्याच्या नावानं पुन्हा सुरू, अशी रीत. पण आता गादीच नव्हती. मग हे सुतक फिटायचं कसं?

"येवढी मोठी बादशाई बुडाली कावून?" मी दलालाला विचारलं.

"भावाभावाची भांडणं, दुसरं काय?"

मला नाही पटलं. सुभेदार वसूल स्वतः खात, दिल्लीला नुसता मुजरा धाडत. आम्हीही पिढ्यान्‌पिढ्या नगारा बडवला, पण तो ऐकतं कोण हे कधी विचारलं नाही. नाव बादशहाचं, खाणार ज्याचा तो. अशानं घर चालत नाही, राज्य काय चालेल?

बाबांचं जेवण सुटलं. तळहात पाहत बसून राहत. माणूस हातचा जातो की काय, अशी मला धास्ती बसली. आणि कापसाच्या धांदलीत गावानं साधी चौकशीही केली नाही. फार राग आला मला त्या गावाचा.

एका सांजेला आई त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"वाजवा."

"कोणासाठी?"

"माह्यासाठी. लगन होऊन आली तवापासून ऐकून राहिली मी. तुमच्या बादशहानं एक दिवस तरी ऐकला का?"

बाबांनी तळहात धोतराला पुसले. मग उठून किल्ल्याकडे गेले. पहिले ठोके चुकलेच, पण मग हात बसला. आई दारात उभी.

"हळू वाजवा म्हण त्याइले," ती मला म्हणाली, "मी कुठं दिल्लीत बसली हाय?" आणि रडायला लागली.