जप्तीच्या कागदावरची तारीख

त्या दिवसाची गोष्ट निघाली की मला गुन्हेगार आठवत नाही, कारण गुन्हेगार नव्हताच. आठवते ती आमच्या जमादाराची टोपी. टोपीच्या आत घडी घालून ठेवलेला एक कागद असायचा. त्या कागदानं माझी अब्रू वाचवली. जेवढी वाचली तेवढी.

वीस वर्षं भरताच मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. केस अजून काळे आहेत, त्यामुळे 'निवृत्त' म्हटलं की लोक हसतात. कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचो, पिवळ्या कागदावर छापून सायकलवर वाटायचो. आता पुन्हा तेच करतो. मधली वीस वर्षं खाकीत गेली. पत्रकात प्रत्येक साहेब दोषी असतो आणि ठाण्यात प्रत्येक गरीब संशयित. मी दोन्हीकडे राहिलो आहे, म्हणून सांगतो, दोन्हीकडे विचार करण्याचे कष्ट वाचतात.

वाशीम जिल्ह्यातल्या एका लहान ठाण्याचा मी तेव्हा ठाणेदार होतो. दोन खोल्या, एक कोठडी, समोर कडुनिंब आणि त्याच्या सावलीत लाकडी बाक. सकाळची हजेरी झाली की वायरलेसची खरखर सुरू व्हायची. मेडशीकडून येणारी एसटी फाटकासमोर थांबली की जमादार म्हणायचे, "साडेनऊ झाले." एसटी उशिरा आली तरी साडेनऊच. त्या ठाण्याची मला अजून ओढ वाटते. तिथला चहा, शाईचे डाग पडलेलं टेबल, स्टेशन डायरीतलं जमादारांचं मोत्यासारखं अक्षर. सेवेला तीसेक वर्षं झालेला माणूस. मी त्यांच्यापेक्षा वयानं लहान, हुद्द्यानं मोठा आणि अकलेनं, हे नंतर कळलं, बराच लहान.

त्या दिवशी सकाळी निनावी फोन आला. "गावातल्या ऑनलाइन केंद्रवालीनं सरकारी साइटा बंद करून ठेवल्या. आपल्या लोकायचे फारम भरते, दुसऱ्यायचे अडवते." एवढं बोलून फोन ठेवला.

निनावी फोनबद्दल माझा एक अनुभव आहे. त्यातला निम्मा मजकूर बातमी असतो आणि निम्मा मत्सर. पण कुठला निम्मा कुठला, हे ओळखायला वेळ लागतो, आणि वेळ द्यायची माझी तेव्हा सवय नव्हती.

तासाभरात तक्रारदारही आला. एका मुलीचा मामा. मुलगी मागे उभी, हातात प्लास्टिकची फाइल छातीशी धरलेली. आईबाप पुण्याकडे बांधकामावर, ती मामाकडे राहून बारावी झालेली. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. शेवटची मुदत त्याच दिवशी, संध्याकाळी पाच.

"पोट्टीचं साल चाललं ना सायेब!" मामा टेबलावर हात आपटून बोलला. "काल त्या बाईनं आपल्या चुलतबहिणीचा फारम पाच मिनिटांत भरला. आज आमचा नंबर आला तं म्हनते साइट उघडत नाही. माह्या मोबाइलवर उघडते! हिच्याच दुकानात काहून उघडत नाही?"

"मग मोबाइलवरच भरायचा होता," मी म्हणालो.

मुलगी पहिल्यांदा बोलली. "फोटो अन् सही चढतच नाही सर. गोल गोल फिरते अन् थांबते. माझे सगळे कागद ताईच्या कॉम्प्युटरमध्ये स्कॅन केलेले आहेत."

"अन् ऐका," मामा पुढे म्हणाला, "बाजारभावाची साइट उघडून राह्यली तिथं. सोयाबीनचा भाव दिसते, तुरीचा दिसते. फक्त सरकारी, बँकेच्या, बोर्डाच्या, भरवशाच्या तेवढ्या बंद! मशीनले जात समजते का सायेब?"

हे वाक्य बरोबर बसलं. केंद्रवाली बौद्ध वस्तीतली, मामा गावातला. उद्या याचा भडका उडाला तर वरून मलाच विचारतील, ही माझी पहिली काळजी होती. मुलीचं वर्ष ही दुसरी. जे खरं ते लिहितो आहे.

मी केंद्रवालीला ठाण्यात बोलावून घेतलं. बाईला चौकशीसाठी ठाण्यात आणायचं नसतं, तिच्या राहत्या जागी जायचं असतं. हा नियम मला पाठ होता. जमादारांनी हळूच आठवणही करून दिली. मी म्हणालो, "दहा मिनिटांचं काम आहे." ती चार तास बसली.

सव्वीस-सत्तावीस वर्षांची. पदवी घेऊन गावात परतलेली, घराच्या पुढच्या खोलीत केंद्र चालवणारी. महिला शिपाई शेजारी उभी होती. मी आवाज चढवला, कारण प्रश्न विचारायचे म्हणजे आवाज चढवायचा, असंच मी समजत होतो.

"साइट कोणी बंद केली?"

"कोणीच नाही सायेब. सकाळपासून लाल पान येते. कनेक्शन सुरक्षित नाही म्हनते अन् मागं ढकलते."

"बाजारभाव कसा उघडतो मग?"

"तेच तं मले समजून नाही राह्यलं. जुनाट साइट हाय थे, पत्त्याजवळ असते थे कुलूप बी नाही तिले. ती उघडते, अन् कुलूपवाल्या साऱ्या बंद. ब्राउजर पुसून पाह्यला, पुन्हा टाकला, अँटिव्हायरस बंद केला, राउटर चालू-बंद केला."

"काल चुलतबहिणीचा फॉर्म कसा गेला?"

"काल सारं चालू होतं जी. काल अजून सात जनायचे गेले, त्यातले पाच मामाच्याच गल्लीतले. त्याईलेही इचारा ना."

मी विचारलं नाही.

"रात्री काही छेडछाड केली?"

"रात्री इजा कडाडल्या म्हनून आईनं मेन बटन काढलं. सकाळी लावलं तं इंग्रजीत एक ओळ आली, बटन दाबा म्हनून. दाबलं अन् मशीन सुरू झाली."

संपूर्ण केस तिनं त्या तीन वाक्यांत माझ्या टेबलावर ठेवली होती. मी ती ओळ वहीत उतरवलीसुद्धा नाही. मला चुलतबहीण हवी होती.

अडीच वाजता मी निर्णय दिला. कॉम्प्युटर जप्त करायचा, तपासणीला अकोल्याला पाठवायचा. तोवर शांत बसलेली ती बाई एकदम उठून उभी राहिली.

"सायेब, मशीन नेऊ नका. लिहा, मी केलं म्हनून लिहा. सही देते. मले बसवा. पन मशीन तिथंच राहू द्या. त्या पोरीचे कागद तिच्यात हायेत. पाचाच्या आत कोनी जानकार भेटला तं फारम निघून जाईन."

मामा बाहेर बाकावर होता, त्यालाही ते ऐकू गेलं. तो मान वर करून बघत राहिला. खोटा कबुलीजबाब लोक मारापोटी देतात, भीतीपोटी देतात, हे मी पाहिलेलं होतं. तक्रारदाराच्या भाचीसाठी देणारा आरोपी मी पुन्हा कधी पाहिला नाही.

एवढं ऐकूनही मी जप्ती थांबवली नाही. हुकूम तोंडातून गेला होता आणि साहेबाचा हुकूम परत फिरत नसतो, असला मूर्खपणा.

तिच्या घरी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. दोन पंच धरायलाच तासभर गेला होता. दाराशी मामा आणि मुलगी. जमादार स्टुलावर बसले, पॅड मांडीवर घेतलं आणि टोपी काढून आतला कागद उलगडला. वाशीमला दोन दिवसांचं सायबर प्रशिक्षण झालं होतं. मी तिथं मागच्या बाकावर डुलक्या घेतल्या. जमादारांनी टिपणं काढली, आणि त्यावरून मी ठाण्यात त्यांची थट्टाही करायचो, "जमादार, टोपीत कॉम्प्युटर आहे तुमच्या."

"पयला मुद्दा," त्यांनी वाचलं. "जप्तीच्या वेळी पडद्यावरची तारीख-वेळ लिहायची. शेजारी खरी तारीख-वेळ लिहायची."

"लिहा लवकर."

ते पडद्याच्या कोपऱ्याकडे वाकले. चष्मा वर केला, खाली केला. "सायेब, ही मशीन तं भलतंच सांगून राह्यली. एक जानेवारी. अन् साल जे दाखवते, त्या साली ही पोट्टी दुसरीत असन."

मग केंद्रवालीनं कपाळावर हात मारला. "बॅटरी! बावा, आतली घड्याळाची बॅटरी मेली. मेन बटन काढलं अन् घड्याळ मागं गेलं!"

"त्याचा साइटशी काय संबंध?" मी विचारलं.

"सायेब, भरवशाच्या साइटीजवळ ओळखपत्र असते. कोन्या तारखेपासून कोन्या तारखेपर्यंत, असं. मशीनले वाटते अजून जुनंच साल चालू हाय. तिच्या हिशेबानं ह्या ओळखपत्राची तारीखच आली नाही अजून. म्हनून खोटं म्हनून हाकलते. बाजारभावाच्या साइटीले ओळखपत्रच नाही, तं तिले कोन अडवते?"

जमादार मान हलवत म्हणाले, "बरोबर हाय. पुढच्या सालाचं कार्ड घेऊन कोनी आपल्या फाटकात आला, तं आपन बी त्याले बसवूनच घेऊ."

त्या लाल पानाच्या तळाशी बारीक इंग्रजीत लिहिलेलं होतं, आपल्या संगणकाची तारीख तपासा. मी इंग्रजी वाचणारा माणूस, खोलीत शिरताच ते पान मीही बघितलं होतं. शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. आणि ज्यांनी ते बनवलं त्यांनाही विचारतो, धमकी मोठ्या अक्षरात आणि उपाय बारीक अक्षरात, हा कुठला न्याय? आमच्या जिल्ह्यात किती जणांना हे पान मराठीतून समजावलंत?

तिचा हात माउसकडे गेला आणि थबकला. मुद्देमालाला हात लावायचा नाही, हे मीच बजावलं होतं. साडेचार वाजत आले होते.

"लाव हात," मी म्हणालो.

"सायेब, पंचनामा सुरू हाय," जमादार म्हणाले.

"जे दिसतं ते लिहा. ठाणेदाराच्या सांगण्यावरून तारीख दुरुस्त केली, असं लिहा. माझ्या नावानं."

तिनं तारीख बदलली. साल पुढे सरकलं. ब्राउजर बंद करून पुन्हा उघडला आणि साइट अशी उघडली, जणू दिवसभर आमचीच वाट पाहत होती. ती खुर्चीतून उठली, मुलीला बसवलं. "तुह्या हातानं भर. घाई करू नको, नाव तपास." फोटो चढला. सही चढली. पावतीचं पान प्रिंटरमधून सरकत बाहेर आलं तेव्हा पाचाला नऊ मिनिटं होती. मुलीनं ते गरम पान गालाला लावलं.

मामा दाराच्या चौकटीला टेकून होता. "ताई," तो म्हणाला, "माह्या तोंडाले काही हाड नाही."

"हाड हाय मामा, डोकं नाही," ती म्हणाली. "चहा सांगा आता. चार घंटे झाले, पान्याचा घोट नाही पोटात."

मामा खरंच धावत गेला. फोन त्यानंच केला होता का, हे मी विचारलं नाही. विचारायचं तोंड मला नव्हतं.

ठाण्यात परतल्यावर स्टेशन डायरीत जमादारांनी 'तक्रारीत तथ्य आढळले नाही' असं लिहिलं. खाली मी माझ्या अक्षरात जोडलं, 'सदर महिलेस नियमाविरुद्ध चार तास ठाण्यात बसवून ठेवले.' जमादारांनी वाचलं, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि वही मिटली. माझ्याबद्दलचं त्यांचं मत त्या दिवशी थोडं सुधारलं असावं.

या केसनं मला काय शिकवलं? जो भरवशाचा आहे त्यालाच आम्ही फाटकात अडवतो, आणि ज्याच्याजवळ ओळखच नाही तो खुशाल आत येतो. चूक समोरच्याची नसते, आपलंच घड्याळ मागे पडलेलं असतं. त्या बाईला खुर्चीत बसवलं तेव्हा माझ्याही डोक्यातलं साल बरंच जुनं होतं. तिचं आडनाव, तिची वस्ती, निनावी फोन, एवढ्यावर मी लाल पान दाखवून मोकळा झालो.

स्वेच्छानिवृत्तीचे कागद ऑनलाइन भरायचे होते तेव्हा ठाण्यातला संगणक होता, वाशीमला दहा केंद्रं होती. मी मुद्दाम एसटीनं तिच्याकडे गेलो. माफी मागायची होती, शब्द ठरवून ठेवले होते. तिनं ओळखलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं पडदा माझ्याकडे फिरवला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"सायेब, आधी तारीख पाहून घ्या. मंग मले काय विचारायचं थे विचारा."