सरांनी दुरुस्त केलेली आई

"मला लय तहान लागली हाय ओ बाई."

हे वाक्य सरांनी तीनदा वाचलं. पहिल्यांदा साधं. दुसऱ्यांदा नाकातून, हेल काढून. तिसऱ्यांदा कागद टेबलावर ठेवला, दोन्ही हातांची ओंजळ तोंडापुढे धरली आणि मान वाकडी करून म्हटलं. वर्गातली माणसं हसली. दुष्टपणानं नाही. पाहुण्यांच्या लहान मुलानं नक्कल केल्यावर हसतात, तशी.

ते वाक्य माझ्या कथेतलं होतं. माझ्या आईच्या तोंडचं.

मीही हसले. हे आधीच सांगून टाकते.

सर म्हणाले, "ह्याला कथा म्हणत नाहीत. ह्याला अर्ज म्हणतात."

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. मी तेवीस वर्षांची. नाशिकला एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर कारकून. शनिवारी अर्धा दिवस असायचा. दुपारी एका शाळेच्या माडीवरच्या वर्गात कथालेखनाचा वर्ग भरायचा. सरांची पाच-सहा पुस्तकं निघालेली. आम्ही बाराजण होतो. वकिलीणबाई, दोन प्राध्यापक, एक बँकेतले साहेब, असे. सर सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मला अगं म्हणायचे. लहान आहे म्हणून असेल, असं मी मनाला सांगितलं. माझ्यापेक्षा लहान एक मुलगी होती, कॉलेजातली. तिलाही ते अहो म्हणायचे.

माझी कथा आईची होती. आम्ही पिंपळगावजवळच्या एका खेड्यातले. माझ्या लहानपणी आई कांदे काढायला जायची. चैत्राचं ऊन. रानात मालकीण पाण्याची कळशी घेऊन यायची. बाकीच्या बायका तांब्यानं प्यायच्या. एके दिवशी आईनं ओंजळ केली, मालकिणीनं वरून पाणी सोडलं. अंतर राखून. अर्धं पाणी कोपरावरून खाली गेलं.

एवढंच लिहिलं होतं. एवढंच, असं आज म्हणते. तेव्हा मी आधी दोन पानं सूर्य लिहिला होता. रक्तवर्णी सूर्य. आग ओकणारं आभाळ. शेवटी एक पानभर समाजाला प्रश्न विचारले होते.

सरांनी लाल पेनानं ते सगळं काढलं. "हवामान नको, माणूस उभा कर," असं समासात लिहिलं. "विशेषणं उपट." "शेवट समजावून सांगू नकोस, वाचक मूर्ख नाही."

हे खरं होतं. मी घरी जाऊन तशी पानं पुन्हा लिहिली आणि अंगावर काटा आला. सूर्य गेला तशी आई दिसायला लागली. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगते. ह्या तीन गोष्टी मला त्या माणसानं शिकवल्या.

पण त्याच लाल पेनानं, त्याच समासात, खाली लिहिलं होतं: "जात नको. कथा वैश्विक हवी." "गावाचं नाव कशाला?" "मालकीण एवढी कठोर का? तिलाही मन असेल. शोध."

शाई एकच. अक्षर एकच. त्यातलं कुठलं कथेच्या भल्याचं आणि कुठलं त्यांच्या सोयीचं, हे मला ओळखता येईना. सूर्याबद्दल त्यांचं बरोबर निघालं होतं. मग बाकीचंही बरोबरच असणार. विचारायचं कुणाला? आमच्या वस्तीत मी एकटीच कथा लिहिणारी. आईला वाचता येत नव्हतं. कचेरीत सांगितलं असतं तर तिथे अजून हसले असते.

मी कथा सहा वेळा लिहिली.

दुसऱ्या वेळी आईची बोली गेली. तिसऱ्या वेळी गाव गेलं. चौथ्या वेळी आईचं आई असणं गेलं, ती नुसती "ती" झाली. पाचव्या वेळी ओंजळ गेली. सहाव्या खर्ड्यात मालकीण डोळ्यांत पाणी आणून पितळेचा पेला पुढे करते आणि दोघी एकमेकींकडे बघत राहतात. तो पेला मी लिहिलेला नाही. ते वाक्य सरांनी समासात लिहून दिलं होतं. मी फक्त सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं.

सर म्हणाले, "आता झाली कथा."

मला आनंद झाला. काय सांगू? खूप झाला.

कथा एका दिवाळी अंकात आली. वर्गातर्फे दुपारचा छोटा समारंभ ठेवला. निवडक कथांचं वाचन. मी आईला घेऊन गेले. तिनं ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं. तिसऱ्या रांगेत, खुर्चीच्या कडेवर बसली होती, कधीही उठवतील अशी.

सरांनी माझी ओळख करून दिली. "ही मुलगी आली तेव्हा तिच्याजवळ नुसता कडवटपणा होता. तो काढायला मला आठ महिने लागले."

टाळ्या पडल्या. सगळे वाजवतात म्हणून आईनंही वाजवल्या.

मी कथा वाचली. आवाज चांगला लागला. वकिलीणबाईंनी डोळे पुसले.

समारंभ संपल्यावर आम्ही दोघी पायी निघालो. पूल आला. आई म्हणाली, "ती बाई कोन व्हती गं?"

"कोणती?"

"पेल्यानं पानी प्याली ती."

मी म्हटलं, "कथेतली आहे."

"हां." थोडी चालली. "मला वाटलं, माझंच सांगती का काय. वळखीचं वाटत व्हतं. पन मला कुनी पेला दिला नाय." आणि अगदी मनापासून म्हणाली, "चांगलं झालं तिचं."

त्यात टोमणा नव्हता. आईला टोमणा मारता येत नव्हता. कुणा परक्या बाईला पेल्यानं पाणी मिळालं, ह्याचं तिला बरं वाटलं होतं. मी पुलाच्या कठड्याला धरून उभी राहिले. आई म्हणाली, "चक्कर आली का?" मी हो म्हणाले.

मी तिथं होते ना. आठ वर्षांची, बांधावर. माझ्या डोळ्यांनी बघितलेलं होतं. सरांनी बघितलं नव्हतं. वकिलीणबाईंनी बघितलं नव्हतं. लिहिता येणारी एकच साक्षीदार होती आणि तीच फुटली.

दोन शनिवार मी गेले नाही. तिसऱ्या शनिवारी गेले. सर वर्गातल्या कथांचं पुस्तक काढणार होते. प्रत्येकाकडून संमतीचा कागद घेत होते. माझ्यापुढे कागद सरकवला.

मी म्हणाले, "मी सही करणार नाही."

"का गं?"

"ही कथा माझी नाही."

"मग कुणाची?"

"तुमची. तुमचं नाव घाला."

वकिलीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, सर तुझ्या भल्याचंच सांगतात."

सर चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "तुझी मूळ कथा कुणी वाचली नसती. इथून गेलीस तर तुला छापणार कोण?"

मी नुसती उठले आणि जिना उतरले. खाली आल्यावर लक्षात आलं की वही वर राहिली. परत गेले नाही.

कुणाला वाटेल, इथं मी जिंकले. नाही. चार महिन्यांनी मेन रोडवरच्या एका दुकानात ते पुस्तक दिसलं. उघडलं. माझी कथा होती. पेल्यासकट. वर माझं नाव. सहीवाचून काहीच अडलं नव्हतं. मी दुकानदाराला म्हणाले, "ह्यातली एक कथा माझ्या परवानगीशिवाय छापली आहे." तो म्हणाला, "घ्यायचं असेल तर सांगा." मी पुस्तक जागेवर ठेवून बाहेर आले. कुठं तक्रार करायची हेही माहीत नव्हतं. आवक-जावकच्या टेबलावर रोज शेकडो अर्जांवर शिक्के मारणारी बाई मी. स्वतःचा अर्ज कुणाच्या नावानं लिहायचा, ते सुचलं नाही.

पुढची सात-आठ वर्षं मी ती कथा लिहीत राहिले. सूर्य परत आणला नाही. बोली परत आणली, गाव आणलं, ओंजळ आणली. मासिकांना पाठवली. परत आली. पाठवली. परत आली. एकानं छापील चिठ्ठीवर पेनानं लिहिलं होतं, "प्रामाणिक आहे, पण काहीतरी कमी आहे." त्याचा मला राग आला. मग वाटू लागलं, खरंच कमी आहे. काय, ते सापडेना.

एका रविवारी आई मेथी निवडत बसली होती. मी म्हटलं, "ऐक." आणि नवीन खर्डा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. इतक्या वर्षांत तिला मी तो पहिल्यांदाच वाचून दाखवत होते. तिनं निवडणं थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाली, "समदं बराबर हाय. पन तू कुठं हाय ह्यात?"

"मी कशाला? तुझी कथा आहे."

"मला तहान नव्हती लागली, बाई. म्या सांजपस्तोर कळ काढली असती. त्या बाईफुडं म्या कवाच हात पसरला नाय. त्या दिशी तू पानी पानी करून रडत व्हतीस. तुला ऊन लागलं व्हतं. म्हून म्या ओंजळ धरली. त्यातलं तुला पाजलं."

मला आठवत नव्हतं. खरंच नव्हतं. की ठेवलंच नव्हतं आठवणीत, कोण जाणे.

म्हणजे ज्या वाक्यावर वर्ग हसला, तेही आईचं नव्हतं. मीच तिच्या तोंडात घातलं होतं. सरांच्या आधी मी तिला दुरुस्त केलं होतं. तहान तिच्या नावावर टाकली होती आणि मी बांधावर कोरडी, नुसती बघणारी म्हणून उभी राहिले होते.

आई मेथीच्या काड्या गोळा करून उठली. तिच्या दृष्टीनं बोलणं संपलं होतं.

आता मी पुन्हा लिहायला बसले आहे. पहिल्या ओळीत आठ वर्षांची मुलगी आहे आणि ती पाणी मागून रडते आहे. ती मी आहे, असं सरळ लिहीन. गाव खरं लिहीन. मालकिणीला मन असेल तर असो. तिनं जे केलं ते लिहीन, मन तिचं तिनं सांभाळावं. आईला विचारल्याशिवाय तिच्या तोंडी एक शब्द घालणार नाही. छापून येईल असं वाटत नाही. बहुतेक परतच येईल. आली तर चूक शोधीन, वाक्य मोडीन, पुन्हा बांधीन, पुन्हा पाठवीन. पण कथा सुधारण्याच्या नावाखाली कुणी मालकिणीला किंवा मला वाचवायला सांगितलं, तर तसलं सुधारलेलं पान मी फाडून त्याच्या हातात देईन.