गळ्याकडं जाणारा हात

आमच्या लिंगायतांत गळ्यातलं लिंग हरवलं तर ते सापडेपर्यंत अन्नपाणी घ्यायचं नाही. नियम एवढाच. सात वर्षांची असताना तो माझ्याकडनं मोडला, आणि पुढं कितीतरी वर्षं माझा हात माझ्या ताब्यात राहिला नाही.

तेव्हा निजामाचं राज्य. आमचं गाव उमरग्याच्या अंगाला, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. खळ्यावर कडब्यात लोळताना गळ्यातल्या दोऱ्याची गाठ कधी सुटली, कळलंच नाही. उन्हानं घसा वाळलेला. घागरीतलं पाणी घटाघटा प्याले आणि मग गळ्याला हात लावला, तर लिंग नाही. चुलतीनं सगळं बघितलं. शोधलं तर तासाभरात कडब्यात सापडलंही. पण त्याच सांजेला वडलांना चावडीवर बोलावणं आलं. सरकारला सक्तीनं घालायची लेव्हीची ज्वारी कमी घातली म्हणून तीन दिवस बसवून ठेवलं त्यांना. गावातले आणखी चौघं तिथंच होते, पण हे पोरीला कोण सांगतंय? चुलती म्हणाली, "तू पाणी प्यालीस, आन् तुज्या बापाला नेलं बघ."

झालं. तेव्हापासनं पाण्याच्या घोटाआधी हात गळ्याला. मग घासाआधी. मग उगीचच. भाकरी अर्धी थापली की पिठाचा हात गळ्याला, ज्वारी निवडता निवडता हात गळ्याला. गाठ चाचपून चाचपून मानेवर वण पडला. लग्न होऊन तामलवाडीला आले. निजाम गेला, लेव्हीचा धाक गेला, हात काही थांबेना. मालकांना शेतातनं यायला जरा उशीर झाला की मी दहादा चाचपायची. कुणी विचारलं तर म्हणायची, घामोळं आलंय.

मग लेक झाली. चार महिन्यांची होती. पाय पसरून, पायांवर तिला पालथी घालून न्हाऊ घालत होते. तेलाचं अंग, दोन्ही हात लागतात. तेवढ्यात हात उठलाच. लेक सुळकन घसरली, कपाळ दगडाला लागलं.

सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, तिला उचललं. मला वाटलं, आता लेकरू माझ्या हाती देत नाहीत. भीतीनं मी सगळं सांगून टाकलं, खळं, घागर, चावडी. जन्मात पहिल्यांदा.

आत्याबाई लेकीच्या कपाळाला हळद लावत ऐकत होत्या. म्हणाल्या, "आगं, त्याच साली माज्या भावालाबी चावडीवर बसवलं हुतं. आमच्यात कोण पाणी प्यालं हुतं?"

माझा हात पुन्हा गळ्याकडं निघाला.

"उद्यापास्नं गाठ म्या मारते," त्या म्हणाल्या. "हात उठला तर लेकराला लाव."

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर त्यांनी गाठ मारली आणि लेक माझ्या पायांवर ठेवली. समोर पाट घेऊन बसल्या. हात दोनदा उठला. दोन्ही वेळा वाटेतनं वळवून लेकीच्या पाठीवर ठेवला. कान दाराकडं. दिवसभर असंच, बूड टेकेना. आत्याबाई मात्र वाती वळत बसलेल्या, मधनंच म्हणायच्या, "आलं का गं कुणी न्यायला?"

दिवस कलला तसे बैलांच्या घुंगरांचे आवाज आले. मालक दारात उभे, पाणी मागत होते. मी तांब्या भरला आणि त्यांना द्यायच्या आधी, तिथंच उभ्यानं, दोन घोट मीच प्याले. हात तांब्यालाच होता. मालक बघत राहिले. आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "पिऊ दे तिला. तुला दुसरा भरून देते."