वेगळा तंबू

करुणाच्या मनात पाल चुकचुकली ती तंबूवरून.

करुणा कासुर्डीची. दौंडच्या रेल्वे शेडमध्ये इंजिनं दुरुस्त करायची. तिची मैत्रीण सुलक्षणा इनामगावच्या बागाईतदारांच्या घरात दिलेली. पदरात दोन लेकरं, गोठ्यात गायी. शिरूरला कॉलेजात असताना दोघींनी एकाच दोराला बांधून घेऊन कडे चढायला सुरुवात केली होती. लग्नानंतर सुलक्षणाचे कडे सुटले, करुणाचे सुटले नाहीत. आता धाकटा शाळेत जायला लागला, तेव्हा कुठं सुलक्षणाला घरून हो आलं होतं. सप्टेंबरात हिमाचलात लाहौलला जायचं ठरलं.

बेत साधा नव्हता. शेवटच्या गावातून सगळं सामान पाठीवर घेऊन खोऱ्यात चालत शिरायचं, ओढ्याकाठी तळ टाकायचा, उंची अंगवळणी पडेस्तोवर थांबायचं आणि आभाळ मोकळं मिळालं की समोरची कातळधार चढायची. हमाल नाही, मोबाईलला रेंज नाही. म्हणून करुणा एकेक वस्तू काट्यावर ठेवून बघत होती. स्टोव्ह एक, पातेलं एक, तंबू एक. टूथब्रशचा दांडासुद्धा तिनं निम्मा कापला होता.

आणि फोनवर सुलक्षणा म्हणाली, "मी माझा तंबू येगळा आणते."

"उगं वजन कशाला?"

"मी उचलते की. तुला कशाला तरास?"

फोन ठेवून करुणा पाना हातात घेऊन तशीच उभी राहिली. कॉलेजच्या दिवसांत एका पांघरुणात झोपलेली ही बाई. हिला आता वेगळा तंबू कशाला?

इनामगावला गेलं की सुलक्षणाची सासू पुतळाबाई तोंडभर "ये गं बाई, बस" म्हणे आणि करुणाला चहा कागदी कपात देई. बाकीच्यांना कपबशी. करुणानं ते पहिल्या खेपेलाच पाहिलं होतं. असलं बघायला तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. बोलली मात्र ती कधी नव्हती. आता सासूचं वारं सुनेला लागलं की काय?

एकदा शंका शिरली की सगळंच खटकायला लागतं. व्हिडिओ कॉलवर गाठी मारून दाखव म्हटलं, तर सुलक्षणाची रेंज जाई. सरावाला बोलवावं, तर कधी गाय व्यायलेली, कधी पाहुणे आलेले. दौंडला भेटली तेव्हा करुणानं आपल्या हातची थालीपिठं पुढं केली. सुलक्षणानं डबा डाव्या हातानं घेतला नि पिशवीत टाकला. "घरी गेल्यावर खाते गं."

करुणा त्या दिवशी घरी आली ती धुमसतच. तिनं निरोप धाडला, "रविवारी सरावाला आली न्हाईस तर मी दुसरी जोडीदार बघते."

सुलक्षणा आली. कासुर्डीच्या मागच्या डोंगरात एक काळी कातळभिंत आहे, तिथं करुणा पुढं चढू लागली आणि सुलक्षणा खाली दोर सांभाळायला उभी राहिली. चढणारी निसटली तर खालचीनं मूठ आवळून दोर रोखायचा असतो. सगळा भरवसा त्या मुठीवर. थोडं वर गेल्यावर करुणानं सहज खाली पाहिलं. सुलक्षणानं दोर मनगटाला गुंडाळून घेतला होता आणि उजव्या हाताची बोटं उघडीच होती.

"दोर धर की!"

"धरलाय!"

"सुलू, बोटं मीट!"

सुलक्षणानं स्वतःच्या हाताकडं परक्याच्या हाताकडं बघावं तसं पाहिलं.

दोरावर जरासुद्धा भार न टाकता करुणा चाचपडत खाली उतरली. पाय टेकताच ती फुटली. "तंबू येगळा, डबा घरी नेऊन खायचा, आन् आता दोर पण धरायचा न्हाई? तुझ्या घरातलं सोवळं डोंगरावर आणतीस व्हय?"

सुलक्षणानं मनगटावरचा दोर उलगडला. ती खाली बसली. "बोटं बधिर झालीत गं माझी. धारा काढून काढून. भाकरीचा घास तुटत न्हाई. रात्री तर अशा कळा येतात, की उठून हात झटकीत रडत बसते. एका तंबूत तुला पहिल्याच रात्री कळलं असतं. तू माघारी धाडलं असतंस. मला घरचे परत कवा सोडणार?"

करुणाच्या छातीवरचा एक दगड उतरला आणि लगेच दुसरा बसला. "म्हंजी हा हात घिऊन तू मला त्या कातळधारेवर नेणार होतीस?"

सुलक्षणा पुटपुटली, "पण माझ्याबद्दल असं तुझ्या मनात आलंच कसं?"

"का येऊ नये? ते कागदी कप तू कधी पाहिलेच न्हाईस?"

"पाहिलेत."

"मग?"

"बोलले न्हाई कधी."

दोर गुंडाळला तो करुणानं एकटीनं.

तरी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तिनंच सुलक्षणाला शिरूरच्या डॉक्टरकडं नेलं. मनगटात शीर दबली होती. ऑपरेशन झालं, घरात धारा काढायचं मशीन आलं, सप्टेंबरचा बेत मोडला. बरेच दिवस दोघी कामापुरतंच बोलत होत्या. मग एकदा इनामगावला पुतळाबाई चहा घेऊन आली, तेव्हा सुलक्षणानं सगळ्यांदेखत कागदी कप उचलून बाजूला ठेवला आणि करुणापुढं बशीसकट कप ठेवला. पुतळाबाई तशीच आत गेली.

पुढच्या साली दोघी लाहौलला गेल्या. तळावर रोज सकाळी करुणा आपलं मनगट पुढं करी, "आवळ." सुलक्षणा दुखेपर्यंत आवळी. पहिल्यांदा तिला त्याचा राग आला. पुढं ती न सांगताच हात धरू लागली.

धारेवर निम्म्याच्या वर गेल्यावर पलीकडच्या अंगानं ढग चढले आणि कातळावर बर्फ भुरभुरू लागलं. करुणाला अजून वर जायचं होतं. "बास, उतरायचं," सुलक्षणा खालून ओरडली. नक्की हवेला भ्याली की हात दुखतोय, हे करुणाला कळेना. विचारायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात पुढचा कातळ पांढरा झाला. ती उतरायला लागली.