पितृपंधरवड्यात न विकलेले शेअर

महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, भाद्रपदात, माझ्या वडिलांनी सोन्याच्या खाणीचे शेअर विकायला नकार दिला. भाव चढता होता आणि आईला क्षय झालेला होता.

आम्ही हुलसूरला राहत होतो. वडिलांचे किराणा दुकान होते. शेअर त्यांनी मुंबईच्या एका दलालामार्फत घेतले होते. भाव मुंबईच्या वर्तमानपत्रातून कळत, आणि ते बीदरवरून आमच्याकडे येईपर्यंत शिळे झालेले असत. त्यापूर्वी कोळशाच्या खाणीचे शेअरही त्यांच्याकडे होते. ते त्यांनी वार-तिथी न पाहता विकले. सोन्याच्या खाणीचे मात्र त्यांनी अक्षय्यतृतीयेला घेतले, दसऱ्याला देवापुढे मांडून हळदकुंकू वाहिले आणि आईच्या पाटल्यांच्या डब्यात ठेवले. पाटल्या उन्हाळ्यात औषधाला गेल्या. डब्यात शेअर तेवढे उरले.

बीदरच्या डॉक्टरांनी आईला थंडीच्या आत मिरजेकडे, क्षयाच्या दवाखान्यात हलवायला सांगितले. त्या खर्चाला शेअरांखेरीज काही नव्हते. मामांनी दवाखान्यात खाट सांगून ठेवली. दलालाची तारही त्यांनीच बीदरवरून आणली: आता विकावे. त्याच दिवशी पितृपंधरवडा लागला होता.

“दाजी, हे कागद हाय,” मामा म्हणाले. “पितरं शेअर बाजारात येतेत व्हय?”

“सोन्याच्या खाणीचं हाय,” वडील म्हणाले. “पंधरवड्यात सोनं घराबाहेर काढायचं न्हाई. घटस्थापनेला तार करतो.”

मामांनी बराच वेळ वाद घातला. दलाल पंचांग बघत नाही, असेही ते म्हणाले. वडील उठून दुकानात गेले. आई आतल्या खोलीतून मामांना म्हणाली.

“अण्णा, भांडू नको. पंधरवडाच तर हाय.”

पंधरवडा संपायच्या आत खाणीच्या खालच्या थरात पाणी शिरल्याची बातमी छापून आली. आमच्याकडे ते वर्तमानपत्र आले तेव्हा अमावास्या उलटली होती. वडिलांनी ठरल्याप्रमाणे घटस्थापनेला विकण्याची तार केली. दलालाचे उत्तर आले की गिऱ्हाईक नाही. मामांनी दोन ठिकाणी उसने मागून पाहिले, पण जमले नाही. दिवाळीनंतर दवाखान्याने खाट दुसऱ्या रोग्याला दिली.

आई मार्गशीर्षात हुलसूरलाच गेली.