चमच्यातली अर्धी गोळी

आसेगावची बेबीताई म्हंजे तोंडानं लय तिखट बाई. दवाखान्यात नव्या लेकरायच्या खोलीत बावीस वर्सापासून आया. लेकराची लंगोटी बदलवता बदलवता आईले बोलन, बापाले बोलन, डॉक्टरीनबाईलेई सोडन नाई. "हात धुतले काय वो? का तसेच आले मुके घ्याले?" पन लेकरू हातात घेतलं का तिचा आवाज एकदम खाली उतरे. तिची सोताची एकच पोरगी झाल्ती. ते तापानं गेली, असं लोक म्हनत. बेबीताई हो बी म्हने नाई अन् नाई बी म्हने नाई.

रिठदची रूपा तिच्या खोलीत आली ते वीटभट्टीवरून. नवरा प्रसेनजित अन् ते, दोघं विटा थापाले गेल्ते. पोट वाढलं तरी काम तेवढंच. कंबर धरली, तं तिथल्या एका बाईनं गोळी देली. "खाय, कंबर आहे का नाई तेच समजन नाई तुले." खरंच दुखनं पयालं. मंग एकाच्या दोन, दोनाच्या चार. गोळी चुकली का हातपाय थरथरत, घाम सुटे. रूपानं कोनाले सांगतलं नाई, नवऱ्यालेई नाई.

पोरगं झालं, चांगलं गोरंगोमटं. दुसऱ्या दिवशी रडाले लागलं ते थांबेच नाई. पत्र्यावर खिळा घासल्यावानी आवाज. हातपाय कापत, मुठी चोखे, दूध पेलं का ओके. सासू गोमतीबाई मीठ-मिरच्या घेऊन आली, म्हने दीठ लागली.

"वो बाई, इथं धूर केला तं बाकीचे लेकरं ठसकतीन," बेबीताई म्हने. "तुमच्या एकाच्या दिठीपायी दहा जन खोकलतीन!"

डॉक्टरीनबाईनं रूपाले इचारलं, "पोटुशी असताना कोनतं औषध घेत होतीस काय?" रूपानं मान हालवली, नाई.

बेबीताईनं ते थरथर आंधी एकडाव पाह्यली होती. पन सांगाचं तं कुठं पाह्यली तेबी सांगा लागे. एक दिवस तिनं तसाच जाऊ देला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदा सारून आत आली, तं रूपा पाठमोरी बसून चमच्यात अर्धी गोळी बोटानं चुरून राह्यली. वर आंगावरचं दूध पिळलेलं.

"काय वं ते?"

"गुटी होय, मावशी."

"मले गुटी शिकवतं? दाव."

रूपाले रडू फुटलं. "याले काय झालं मले ठाऊक आहे. गोळी चुकली तं मलेबी असंच होते. थोडीशी देतो, निजन ते. कोनाले सांगू नका. सासू लेकरू ठेवून घेईन अन् मले माहेरी हाकलन."

बेबीताईनं चमचा हिसकला नाई. तिच्याजोळ खाली बसली.

"माही पोरगी तापानं नाई मेली, रूपा. कापूस येचाले जाचो तं तिले मोहरीएवढी अफू चाटवो. समद्याच बाया चाटवत. लेकरू वावराच्या धुऱ्यावर झोळीत निजून राहे. एक डाव अफू सरली. दोन दिवस पोरगी अशीच थरथरली, अशीच चिरकली. तिसऱ्या दिवशी अफू भेटली, तं म्हन्लं भरून काढू. जरा जास्ती देली. दोन ओळी येचून आलो, तं अंग गार झाल्तं. माह्या हातानं देली. जीव लावूनच देली."

रूपानं चमचा तिच्या हातात देला. मंग पोलक्यातून गोळ्यायची पट्टी काहाडली.

"डॉक्टरीनबाईले तूच सांग. मी संग येतो."

डॉक्टरीनबाई रागे भरली नाई. पट्टी पाह्यली अन् म्हने, हे गोळी अफूच्याच जातीची, लेकराले पोटातच सवय लागली. लेकराले औषधाचे थेंब मापून, रोज कमी करत. रूपालेबी औषध, एकदम बंद नाई. खोलीत उजेड कमी, गलका नाई, अन् लेकरू उघड्या अंगानं आईच्या छातीशी. दूधबी आईचंच, पन डॉक्टरच्या नजरंखाली.

हे समजलं तशी गोमतीबाई भडकली. "जहर खाल्लेल्या बाईचं दूध? लेकरू मी घेऊन जातो. हे जाईन आपल्या बापाच्या घरी."

"न्या," बेबीताई म्हने. "पन आंधी उगं करून दाखवा."

गोमतीबाईनं घेतलं, थोपटलं, हालवलं, गानं म्हन्लं. लेकरू चिरकतच. शेवटी दमून तिनंच ते रूपाच्या छातीवर ठेवलं. बेबीताईनं वरून मऊ लुगडं गुंडाळलं. थरथर गेली नाई, पन आवाज हळूहळू खाली आला.

"इतकं दुखे, तं सांगतलं काहून नाई वं?" गोमतीबाईनं इचारलं.

"सांगतलं होतं, मामी. तुमी म्हन्ल्या, आमीबी पोटुशीच राबलो."

गोमतीबाईनं सरकलेलं लुगडं लेकरावर नीट केलं. संध्याकायी प्रसेनजित आला, तं त्याले बाहीर नेऊन तिनंच समदं सांगतलं. माहेरचं नाव मंग काहाडलं नाई.

अठरा दिवसानं लेकराचे थेंब बंद झाले. रूपाचं औषध अजून चालूच आहे. दर महिन्याले सासू-सून दोघी येतात. रूपा आत गेली का गोमतीबाई लेकरू घेऊन बाकड्यावर बसते.

अन् बेबीताई आता नवी बाळंतीन आली का तिच्याजोळ बसते. "कंबरेची गोळी खाल्ली असन तं सांग माय, मी रागे भरत नाई." एखादीनं मान खाली घातली, तं आपलंच सांगाले लागते.

"मले एक पोरगी होती. तिचं नाव धम्मदीपा होतं."