उजव्या बाजूचा आवाज

भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या दादाने नानांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच दुरुस्त करायला घेतला. नाना, म्हणजे आमचे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या वेळचा आवाज पुन्हा जसाच्या तसा ऐकायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. सुकलेले कपॅसिटर बदलून झाले, बोटंही रीतसर भाजून झाली, तरी उजवा स्पीकर हळूच वाजे. शेवटी त्या बाजूला आवाज दाबणारा एक जादा रेझिस्टर सापडला. सोल्डरचा डाग ओबडधोबड होता, म्हणजे काम नानांचंच.

"नानांनीच घोळ घातलाय!"

"घोळ कसला?" आई म्हणाली. "उजवीकडे माझं शिलाई मशीन असायचं. कान किटतात म्हटलं, तर तेवढ्या बाजूचा आवाज त्यांनी कमी केला."

म्हणजे नाना जन्मभर एका अंगाला कललेलं गाणं ऐकत होते आणि आम्ही त्यालाच स्टीरिओ समजत होतो.

"ठेवू का तसाच?"

"काढ मेल्या. आता तसंही मला कमीच ऐकू येतं."

दादाने तो काढला. गाणं दोन्हीकडून सारखं, स्वच्छ वाजलं. आई थोडा वेळ ऐकत बसली.

"परक्याच्या घरी बसल्यासारखं वाटतंय रे."

दादाने काढलेला रेझिस्टर हाताशी घेतला आणि सोल्डरिंग आयर्न पुन्हा तापत ठेवली.